ग्लासभर पाण्यापाशी

नळ आला की आधी भांडी भरायची घाई असते. ती उरकून घ्या. पाणी किती वेळ टिकेल याचा भरवसा नसताना कुणी विचार करत बसत नाही आणि बसूही नये. हंडे-कळशा भरल्या, पिंप भरलं, की एक काचेचा ग्लास शोधा. काचेचाच घ्या. आपल्याकडे पाणी स्टीलच्या पेल्यातून किंवा तांब्यातून पिण्याची रीत आहे, त्यामुळे रोज जे पितो ते आपण क्वचितच नीट पाहिलेलं असतं. नळ पुन्हा थोडा सोडा, ग्लास भरा, खिडकीत उजेडाला ठेवा आणि मागे पांढरा कागद धरा.

आता बसा. आज पाणी वेगळं वाटलं म्हणूनच हा ग्लास तुम्ही भरला आहे. रंग ओळखीचा नव्हता, किंवा चहाला कसलीतरी चव आली, किंवा सूनबाईंनी सांगितलं की पाण्याला वास येतोय. मनात थोडी भीती असेल. ती असू द्या. इतक्यात निकाल मात्र देऊ नका.

पाणी पांढुरकं, धुरकट दिसतंय का? मग एक-दोन मिनिटं काही न करता बघत राहा. ती झाक कुठल्या बाजूने नाहीशी होते तेवढं पाहा. तळापासून वर निवळत गेली तर ती हवा होती, अगदी बारीक बुडबुडे. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांत मधल्या वेळात पाइप रिकामे पडतात, त्यांत हवा शिरते आणि पाणी सुटलं की दाबाने ती पाण्यात मिसळून घरात येते. ती हवा कुणाला बाधत नाही. पण पाणी वरून खाली निवळत आलं आणि तळाशी साका धरला, तर त्यात माती किंवा क्षारांचे कण आहेत. पहिल्या क्षणी ही दोन्ही पाणी अगदी सारखी दिसतात. दोन मिनिटं थांबलेल्यालाच त्यांतला फरक कळतो.

कधी याच्या उलट घडतं. हातपंपाचं किंवा बोअरचं पाणी आलं तेव्हा नितळ असतं आणि तासाभराने बघावं तर तांबूस. जमिनीत खोल हवा पोचत नाही तिथे लोह पाण्यात विरघळून राहतं, रंगाचा पत्ताही लागू देत नाही. बाहेरची हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो तळाशी बसू लागतो. म्हणून ग्लास तसाच राहू द्या, लगेच ओतू नका. काळे कण दिसले तर बोटावर घेऊन चोळा. रबरासारखे ताणले तर नळाचा वायसर झिजला असेल. चोळल्यावर काजळीसारखा डाग राहिला तर मँगनीजची शंका घ्यावी.

आता ग्लासावर तळहात ठेवा, पाणी हलकेच घोळवा, हात काढा आणि वास घ्या. डोळे मिटलेले असले तर बरं. टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, वास आला तर तो अनेकांना नकोसा वाटतो, आणि मला तो वास आला की धीर येतो. लाइनच्या शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन उरला पाहिजे, असं भारतीय मानक १०५०० सांगतं. तो वास म्हणजे कुणीतरी आज टाकीवर चढून आपलं काम केलं आहे. पाणी उघड्या भांड्यात ठेवलं तर वास बराच उतरतो. पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येत असेल तर त्यामागे बहुतेक जिओस्मिन असतं. धरणातलं शेवाळ आणि काही सूक्ष्मजीव ते तयार करतात, आणि माणसाच्या नाकाला ते लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतकं कमी असलं तरी कळतं. नाकाची ही ताकद थक्क करणारी आहे. जिओस्मिनने आजार होत नाही, पण धरणात शेवाळ वाढलंय ही बातमी ते घरपोच आणून देतं.

गटारीचा वास असेल तर इथेच थांबा. चव घेऊ नका. आणि ‘पाच मिनिटं वास येतो, मग जातो’ असा अनुभव असेल तर त्या जाण्यावर समाधान मानू नका. मला वाटतं, नळाच्या पाण्याच्या सगळ्या खुणांमध्ये हीच सर्वांत गंभीर आहे आणि हिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. पाणी बंद असताना पाइपात दाब राहत नाही. लाइन जिथे फुटलेली आहे, आणि शेजारून गटार वाहतंय, तिथून घाण आत ओढली जाते. घराघरांत नळाला मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. पाणी सुटल्यावर ती घाण पहिल्या लोंढ्याबरोबर पहिल्या घरांत येते. पाणी स्वच्छ दिसू लागलं तरी भोक तिथेच असतं.

वास ठीक असेल तरच एक घोट तोंडात घ्या, जिभेवर फिरवा आणि थुंकून टाका. मचूळ आहे? खारट? जिभेवर धातूसारखं काही रेंगाळतंय? जड पाण्याची खूण जिभेपेक्षा चुलीवर लवकर कळते. तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून डाळ कणीदार राहते. घरातल्या बाईला हे कुठल्याही अहवालाआधी ठाऊक असतं. तिचं म्हणणं नोंद म्हणून लिहून ठेवावं असं असतं आणि ते बहुधा कुरकुर म्हणून ऐकलं जातं.

आता मनाने नळाच्या मागे चला. भिंतीतला पाइप, गच्चीवरची टाकी, गल्लीतली लाइन, चौकातला व्हॉल्व्ह, गावचा जलकुंभ. तुम्ही नंदुरबार शहरात असाल तर पुढे शिवण नदीवरच्या विरचक धरणापर्यंत जा. मे महिन्यातलं धरण डोळ्यांसमोर आणा. पाणी तळाला गेलेलं, ऊन तापलेलं, कडेला हिरवट तवंग. खालच्या थरात प्राणवायू कमी झाला की तिथल्या गाळातून लोह-मँगनीज पाण्यात उतरतं, कधी कुजलेल्या अंड्यासारखा वासही येतो. मग जूनचा पहिला पूर आठवा. डोंगरउतारावरची नांगरलेली माती ओढ्यांतून एकदम उतरते, पाणी तांबडंलाल होतं आणि जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीचं प्रमाण एका रात्रीत बदलावं लागतं. शहादा, प्रकाशा, सारंगखेड्याकडे असाल तर तुमच्या मनात तापी येईल. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईहून निघून मध्य प्रदेश आणि जळगाव-धुळ्याची शिवारं, गावं, शहरं ओलांडून ती प्रकाशाला पोचते. गोमाई तिला मिळते त्या संगमावर माणसं श्रद्धेने ओंजळ भरतात. त्या ओंजळीत शेकडो मैलांवरच्या लोकांनी नदीत काय सोडलं आणि काय सोडलं नाही, हेही असतं.

धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अजूनही नळाऐवजी झिऱ्यावर भिस्त असलेली घरं आहेत. उन्हाळ्यात नदी आटली की बाया वाळूत खड्डा उकरतात. पहिलं गढूळ पाणी उपसून बाजूला टाकतात. मग बसून राहतात. नवं पाणी हळूहळू झिरपतं, निवळतं, आणि वाटीवाटीने हंडा भरतो. पाण्यासमोर थांबणं म्हणजे काय हे या बायांइतकं कुणाला कळलं असेल असं वाटत नाही. त्यांच्या या शहाणपणाला मी मनापासून मान देते, आणि म्हणूनच हेही सांगायला हवं की वाळू माती गाळते, सगळे जंतू गाळत नाही. त्यांच्या बाळांना जुलाब झाले की दवाखाना डोंगराखाली असतो. त्यांच्या धीराचं कौतुक करून आपलं काम संपत नाही.

थोडं थांबा इथे. श्वास घ्या. ‘इथलं पाणी असंच आहे’ हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलंय, कितीदा म्हटलंय, ते आठवा.

शहादा तालुक्यात उनपदेवाला जमिनीतूनच गरम पाणी येतं. तिथे लोक हात जोडतात, अंघोळ करतात. घरच्या नळाला आपोआप गरम पाणी आलं असतं तर आपण दचकलो असतो. पाणी कुठे विचित्र वाटावं आणि कुठे नाही, हे आपण आपल्या सवयीवरूनच ठरवतो. नव्या सुनेला सासरचं पाणी खारट लागतं, वर्षभराने लागेनासं होतं. पुण्याहून सुटीला आलेला मुलगा म्हणतो, ‘आई, पाण्याला काहीतरी चव आहे,’ आणि आई म्हणते, ‘छे, आपलं पाणी गोड आहे.’ दोघंही खरं बोलत असतात. पाण्यात क्षार तेवढेच राहिले, जीभ बदलली. मला या सवयीची भीती वाटते, कारण पाणी हळूहळू बिघडत गेलं तर ती तितक्याच हळूहळू आपल्याला त्याच्याबरोबर नेते. पाहुण्याने तक्रार केली तर ती ऐकावी. त्याची जीभ अजून इथली झालेली नसते.

आणि आता या मननातला अवघड भाग. ग्लासातलं पाणी नितळ आहे, वास नाही, चव गोड आहे, असं समजा. काय सिद्ध झालं?

१८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळ पटकीची साथ आली. तिथून दूर, हॅम्पस्टेड भागात राहणाऱ्या एका वृद्ध विधवेला त्या पंपाचंच पाणी आवडायचं. चवीसाठी ती ते मुद्दाम बाटलीतून मागवायची. त्या दिवसांतही ते तिच्याकडे पोचलं, आणि तिच्या भागात पटकीचा मागमूस नसताना ती पटकीने गेली. साथीचा माग काढणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांना पाण्यावरचा संशय पक्का करायला हा मृत्यू फार महत्त्वाचा ठरला. चवीने तिला फसवलं, असं मी म्हणणार नाही. चव जेवढं सांगू शकते तेवढंच तिने सांगितलं होतं.

आपल्याकडचं बघा. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. रासायनिक खतांची शेतं, उकिरडे, शोषखड्डे विहिरीजवळ असले की ते झिरपून पाण्यात येतं. लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही, आणि बाहेरचं दूध पाण्यात कालवून पाजल्या जाणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते कमी करतं. असं पाणी उकळलं तर पाणी आटतं, नायट्रेट मागे राहतं, म्हणजे दाट होतं. फ्लोराइडचंही तसंच. उकळणं जंतूंवर उत्तम औषध आहे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. तुरटी किंवा निवळीची बी माती खाली बसवते, जंतू मारत नाही. क्लोरिन जंतू मारतो, पण गढूळ पाण्यात मातीच्या कणांआड लपलेले जंतू त्याच्या तावडीतून सुटतात, म्हणून आधी निवळायचं, मग क्लोरिन. प्रत्येक उपायाची अशी आपली हद्द आहे. ती माहीत नसली की माणूस मनोभावे चुकीचा उपाय करत राहतो.

मग डोळे, नाक आणि जीभ कशासाठी? या प्रश्नापाशी जरा रेंगाळा, कारण मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे.

२०१४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटकडून येणारं पाणी थांबवून फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. नळांना तपकिरी पाणी येऊ लागलं. लोक बाटल्या भरून सभेला घेऊन गेले. पाणी चांगलं आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या मोटारींच्या कारखान्याने, यंत्राचे भाग गंजतात म्हणून, ते पाणी घेणं बंद केलं. माणसं मात्र पीत राहिली. पुढे २०१५ मध्ये घराघरांतले नमुने तपासले गेले तेव्हा पाण्यात शिसं सापडलं, मुलांच्या रक्तात सापडलं. बाटलीतला तपकिरी रंग लोखंडाच्या गंजाचा होता. शिशाला रंग नसतो. बाटली घेऊन उभ्या राहिलेल्या आयांना शिसं दिसलेलं नव्हतं, दिसूच शकत नव्हतं. पण जे दिसलं त्याबद्दल त्या विचारत राहिल्या, म्हणून न दिसणारं उजेडात आलं.

ग्लासभर पाणी निरखून उत्तर मिळत नाही. विचारायला सुरुवात तेवढी होते, आणि विचारणं मध्येच सोडायचं नसतं.

विचारताना पाण्यालाच आरोपी ठरवून मोकळं व्हायचंही नसतं. २०२५च्या जानेवारीत बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. पाणी तपासलं तर काही ठिकाणी क्षार आणि नायट्रेट खरोखरच जास्त निघाले. पण डॉ. हिंमतराव बावसकरांनी शोध पुढे नेला आणि गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणजे पाणी वाईट होतं हेही खरं, आणि केस त्याने गळले हे लगेच ठरवणं घाईचं होतं हेही खरं. ही दोन्ही वाक्यं मनात एकत्र ठेवून बघा. जड जातं. पण जमतं.

आता उठा आणि शेजारी जा. ‘मावशी, तुमच्याकडेही आज असंच पाणी आलं का?’ एवढंच विचारा. त्यांच्याकडे ठीक असेल तर कारण तुमच्या घरात आहे: न धुतलेली टाकी, गंजलेला पाइप, उघडं झाकण. सगळ्या गल्लीत तसंच असेल तर लाइन बघायला हवी. गावभर असेल तर टाकी किंवा उगम. पाणी सोडणाऱ्या माणसाला भेटा. ‘भाऊ, पाणी वेगळं येतंय, कुठे लाइन फुटली का?’ असं विचारलं तर तो बहुतेक वेळा खरं सांगतो. पहाटे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या या माणसाशी एरवी कुणी दोन शब्द बोलत नाही, पाणी आलं नाही की मात्र सगळे बोलतात.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण आणि तपासणी संच द्यायचा असं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण, हे विचारा. त्यांच्याकडच्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवलं आणि ते काळं पडलं, तर विष्ठेतले जंतू असण्याची शंका असते. जलसुरक्षकाकडे ओटी चाचणी असते, त्यात क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं. ग्रामपंचायतीला पाण्याच्या व्यवस्थेवरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, पाच वर्षं सलग हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे, हे विचारायला ग्रामसभेची वाट बघावी लागत नाही. मागचा तपासणी अहवाल, ओटीची वही आणि टाकी धुतल्याची तारीखही मागता येते. आवाज चढवायची गरज नाही. विचारून झाल्यावर पुढच्या महिन्यात पुन्हा जायची मात्र आहे.

तोपर्यंत घरात प्यायचं पाणी दुहेरी कपड्याने गाळून उकळा. पण गावात नायट्रेट किंवा फ्लोराइड आहे असं कळलं असेल तर बाळाच्या आणि गरोदर बाईच्या पाण्याची सोय दुसऱ्या उगमातून करा, उकळण्यावर विसंबू नका.

आणि नमुना घ्या. क्षारांच्या तपासणीला स्वच्छ कॅन चालतो, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरलेला. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, आत बोट लावायचं नाही, आणि भरल्यावर शक्यतो सहा तासांत पोचवायची. धडगावहून निघायचं तर एसटीची वेळ बघून भरा आणि बाटली बर्फात ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत देताना लेबलावर तारीख, वेळ आणि नळ कुठला ते लिहा. पाणी सुटल्यावर किती मिनिटांनी भरलं, तेही. मग खाली एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहा: रंग कसा होता, वास कधी आला, कधी गेला, डाळ शिजली की नाही. यंत्र तेवढंच मोजतं जेवढं त्याला मोजायला सांगितलं जातं, आणि ‘पहिली पाच मिनिटं गटारीचा वास, नंतर नाही’ असं लिहिलेलं असलं तर काय शोधायचं हे प्रयोगशाळेतल्या माणसाला बाटली उघडण्याआधीच कळतं.